नाव घातलेलं ताट

अक्षताला किळस अशी सहसा येत नसे. सांगलीतल्या एका लॅबमध्ये ती सकाळी सातपासून लोकांची लघवी, रक्त आणि थुंकी तपासायची, आणि दहा वाजता हात धुऊन शेजारच्या खोलीत निवांत पोहे खायची. घरी धाकटा सूरज दोन वर्षांचा, म्हणजे तिथंही थोड्याफार फरकानं तेच काम. त्यामुळे कुंभार्ली घाटात नवऱ्याच्या मित्राच्या, जयराजच्या, लहानग्या शंभूराजनं एकाएकी तोंड वासलं, तेव्हा गाडीतली बाकीची माणसं 'अरे अरे' करत मागं सरकली आणि अक्षतानं ओंजळ पुढं केली. सकाळचं दूध, दिवाळीच्या उरलेल्या चकल्या, सगळं तिच्या ओंजळीत आलं. तिनं ते खिडकीबाहेर टाकलं, ओल्या रुमालानं पोराचं तोंड पुसलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"लय गुणाची हाय बाई ही," मागच्या सीटवरून जयराजची आई विजयमाला म्हणाली. "माज्या नातवाचं सगळं हातावर झेललं. आमची दीपमाला बसली नाकाला पदर लावून."

"आत्या, मला वास आला की मलाच होतंय," जयराजची बायको दीपमाला म्हणाली, आणि सगळे हसले.

विजयमालाच्या मांडीवर डोकं ठेवून अक्षताची सात वर्षांची सोनिया झोपली होती. म्हातारीनं एका हातानं सीट धरली होती आणि दुसऱ्या हातानं सोनियाचं डोकं, वळणावर आपटू नये म्हणून. अक्षतानं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. उगाच आपण घाबरत होतो, असंही वाटलं.

घाबरण्यासारखं तसं काही नव्हतं. तिचा नवरा मिलिंद आणि जयराज कराडला कॉलेजात एका खोलीत राहिलेले. एका डब्यात दोघं जेवले, एका गादीवर झोपले. पुढं जयराज फौजेत गेला, मिलिंद सांगलीत बँकेत लागला, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, आणि दर सुट्टीला 'एकदा सगळ्यांनी समुद्रावर जायचं गड्या' एवढंच बोलणं व्हायचं. या वर्षी जयराजला दिवाळीला महिनाभर रजा मिळाली. भाऊबीज झाली आणि त्यानं मोठी गाडी ठरवली. मिलिंद, अक्षता, सोनिया, सूरज सांगलीहून उंब्रजला जयराजच्या घरी आले, तिथून सगळे नऊ जण गुहागरला निघाले. "आई पण येतीय," एवढं त्यानं आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. मिलिंद "येऊ दे की, मजा येईल," असं म्हणाला होता. अक्षता काही म्हणाली नव्हती.

घाट उतरल्यावर एका वडाखाली जेवायला थांबले. विजयमालानं पहाटे उठून भाकऱ्या बडवल्या होत्या, डब्यात कोंबडीचं सुकं, किटलीत रस्सा. कापडी पिशवीतून तिनं स्टीलची ताटं काढली. पाच होती. प्रत्येकावर नाव घातलेलं, कुणाला लग्नात आलेलं, कुणाला वास्तुशांतीला. मग दुसऱ्या पिशवीतून चंदेरी कागदाच्या प्लेटांचा गठ्ठा काढला आणि त्यातल्या चार प्लेटा मिलिंदच्या पुढ्यात ठेवल्या.

"तुमी पावनी मानसं," ती म्हणाली. "तुमास्नी कशाला घासाघाशीचा ताप."

हे बरोबरच होतं. नऊ ताटं कोण वागवणार. अक्षतानं हात धुतले होते, घाटातल्या प्रकारानंतर दोनदा साबणानं धुतले होते, आणि ती प्लेट मांडीवर घेऊन बसली. रस्सा झकास होता. पण प्लेट तळातून मऊ पडली, मध्ये वाकली आणि तर्रीची धार तिच्या पांढऱ्या ड्रेसवर उतरली. तोंडातल्या घासाला ओल्या पुठ्ठ्याची चव आली. समोर जयराज आपल्या जाड ताटात भाकरी कुस्करत होता. त्याच्या ताटाच्या काठावर त्याच्या आजोबांचं नाव होतं.

"वैनी, अजून घ्या की रस्सा," तो म्हणाला.

"नको भाऊजी. गळतंय," अक्षता म्हणाली.

गुहागरात त्यांनी नारळी-पोफळीच्या बागेतलं एक घर तीन दिवसांसाठी घेतलं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि मागं पडवीत गॅस, सिंक, भांड्यांची मांडणी. मांडणीत घरमालकाची आठ-दहा स्टीलची ताटं उभी केलेली होती, तांबे होते, पेले होते. अक्षतानं ती आल्या आल्या पाहिली आणि मनात म्हणाली, चला, आता तो कागद नको.

झाडलोटीला आणि हाताखाली मदतीला मनुबाई म्हणून एक बाई यायची. साठीची असावी. बोलण्यावरून घाटावरची वाटली म्हणून विजयमालानं विचारलं, "कुठली गं तू?"

"माहेर पाटनचं माजं. लगीन हून हिकडं खाली आले."

"आगं बाई, आपल्याच वाटंवरची की. कुनापैकी?"

मनुबाईनं सांगितलं. ते विजयमालाला चाललं असावं, कारण तिनं लगेच पिठाचा डबा तिच्यापुढं सरकवला. अक्षता सूरजचे कपडे वाळत घालत होती. 'कुनापैकी' हा शब्द तिच्या कानाला इतका ओळखीचा होता, की तो ऐकताना हातातला चिमटा क्षणभर थांबला, एवढंच.

संध्याकाळी चहा झाला. पाच जणांना पेल्यांत, चौघांना कागदी कपांत. रात्री मासे झाले. पाच ताटं, चार प्लेटा. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरा. पाच, चार. मांडणीतली घरमालकाची ताटं जिथल्या तिथं उभी. अक्षतानं रात्री सहज म्हणून म्हटलं होतं, "काकी, इथं ताटं आहेत की, आम्ही त्यात जेवतो, मी घासते सगळ्यांची." त्यावर विजयमाला घाईनं म्हणाली होती, "नगं नगं, तू बस. परक्याची भांडी, फुटली-हरवली म्हंजे?" स्टीलची ताटं कशी फुटतात, हे अक्षतानं विचारलं नाही.

आवाज नाही, शब्द नाही, वाकडं तोंड नाही. उलट वाढताना आग्रह. "घे गं पोरी, लाजू नगंस." आणि जेवण झालं की दीपमाला एक काळी पिशवी घेऊन यायची, चौघांच्या प्लेटा आणि कप त्यात गोळा करायची, दोन बोटांनी, काठाला धरून. मग माशांचे काटे, डोकी, कोंबडीची हाडकं त्यातच जायची आणि पिशवीला ती दुहेरी गाठ मारायची. ती गाठ मारताना दीपमाला कधी अक्षताकडं बघायची नाही. ते न बघणंच अक्षताला जास्त लागायचं. विजयमालाला निदान वाटत तरी होतं, की ती करतेय ते बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुली वाळूत खेळत होत्या आणि जयराज धाकट्यांना घेऊन पाण्यात उतरला होता, तेव्हा ती मिलिंदला म्हणाली, "तुला दिसतंय का?"

"काय?"

"मिलिंद."

तो थोडा वेळ पायानं वाळू उकरत राहिला. "कागदी प्लेट आहे अक्षता. लोक लग्नात पण वापरतात."

"लग्नात सगळे वापरतात."

"म्हातारं माणूस आहे. जयाला यातलं काही माहीत पण नसेल. तो माझ्या ताटात जेवलाय दोन वर्षं."

"म्हणजे तुला दिसतंय."

"तीन दिवस आहेत गं," मिलिंद म्हणाला. "सोनिया वर्षभर समुद्र समुद्र करत होती. तिचा समुद्र खराब नको करू."

हे त्यानं बरोबर ठिकाणी मारलं. सोनियासाठीच तर अक्षता गप्प होती. तिच्या स्वतःच्या लहानपणी, तासगावच्या बाजूला एका मैत्रिणीच्या घरी, तिला कुणीतरी ओंजळ करायला सांगून वरून पाणी घातलं होतं. नऊ वर्षांची होती ती. पेले असताना ओंजळ कशाला, हे तिनं घरी येऊन विचारलं, आणि तिच्या आईनं उत्तर द्यायच्या आधीच रडायला सुरुवात केली. त्यामुळे अक्षताला कितीतरी दिवस वाटत होतं, की आपलंच काहीतरी चुकलं. तिच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तिचे वडील शिकले, ती शिकली, आता घरात सोनियाला निजताना बुद्धाच्या गोष्टी सांगायची. पण ही एक गोष्ट तिनं राखून ठेवली होती. ती सोनियाला कळणार हे तिला ठाऊक होतं. पण ती आपल्याकडून कळावी, आपण न रडता सांगावी, आणि ऐकताना पोरीला एक क्षणसुद्धा वाटू नये की चूक आपली होती. एवढंच तिनं ठरवलं होतं. त्याला अजून दोन-तीन वर्षं आहेत, असा तिचा हिशेब होता.

सोनियाला तर त्या प्लेटा मनापासून आवडल्या होत्या. रोज नवी, कोरी, चकचकीत. वाढायच्या आधी तिच्यात तोंड दिसतं का ते ती बघायची. आणि ते बघून जयराजची शिवांजली, तिच्याच वयाची, तोंड फुगवून बसायची.

"हिला रोज नवीन, आणि मला तेच जुनं ताट. असं का?"

"तुजं ताट मामानं दिलंय बारशाला," विजयमाला म्हणायची. "त्यातच जेवायचं."

"मला कागदाचं पाहिजे."

"जेव गप."

त्या रात्री मोठी माणसं अजून बसायची होती. पोरांची पंगत आधी झाली. विजयमाला आत गॅसपाशी होती, दीपमाला शंभूराजला भरवत होती. दोघी मुलींनी ओट्यावर एकमेकींकडं बघितलं, खिदळल्या आणि ताटांची अदलाबदल केली. अक्षताला दिसलं. भात-आमटीसकट शिवांजलीचं स्टीलचं ताट सोनियापुढं आणि सोनियाची चंदेरी प्लेट शिवांजलीपुढं. दोघी अशा आनंदानं जेवल्या, की जणू कुणाच्या झाडाच्या कैऱ्या पाडून आणल्यात. अक्षताला थांबवता आलं असतं. तिनं थांबवलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं, पोटात कुठंतरी थंड वाटत होतं.

विजयमाला आमटीची वाटी घेऊन बाहेर आली तेव्हा ताटं संपत आली होती. ती उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते अक्षतानं पाहिलं. बाळाच्या दुपट्यात झुरळ दिसल्यावर माणसाचं तोंड जसं होतं, तसं.

"शिवा, ऊट तितनं," एवढंच ती म्हणाली.

सोनिया शहाणी पोर. तिला वाटलं, आपण दुसऱ्याचं ताट घेतलं म्हणून आजी रागावली. ती ते ताट घेऊन पडवीत गेली, स्टुलावर चढून काथ्यानं तिनं ते घासलं, पाण्यात धरलं, पुन्हा घासलं, फ्रॉकला पुसलं आणि मांडणीत बाकीच्या ताटांशेजारी उभं करून ठेवलं. अक्षता दारात उभी राहून बघत होती. पोरगी एवढंएवढंसं काम किती नीट करते, या कौतुकात ती होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी विजयमाला पोहे वाढत होती. शिवांजली पडवीतून ओरडत आली, "माझं ताट नाही."

"आसंल तितंच," विजयमाला म्हणाली.

"नाही. आपली चारच आहेत."

"मग हरवलं आसंल. नवं घिऊ तुला. ही घे बशी."

शिवांजलीनं भोकाड पसरलं. मामाचं ताट होतं, त्यात तिचं नाव होतं. जयराज म्हणाला, "हरवतंय कसं? इथं बाहेरचं कोण येतंय?" आणि तो उठून मांडणीमागं, गॅसखाली वाकून बघायला लागला. मिलिंदही त्याच्याबरोबर शोधायला लागला. विजयमाला पोहे वाढत राहिली. दीपमाला कढई खरवडत होती, आता कढईत काही उरलं नव्हतं तरी.

एवढ्यात मनुबाई मागच्या बागेतून आली. हातात ओलं ताट, दोन्ही हातांनी धरलेलं.

"आवं, ह्ये तुमचंच न्हवं का?" ती म्हणाली. "रातीचं कुत्र्यानं कचऱ्याची पिशवी फाडली, समदी बाग घान करून ठिवली. त्या कागदाच्या प्लेटा आन् हाडकं गोळा करताना ह्ये सापडलं. म्हनलं, एवढं जाड ताट कोन टाकतंय. मग नाव दिसलं." तिनं ताट उजेडाकडं तिरकं केलं आणि अक्षरं जुळवत वाचलं, "चि. शिवांजली हिस, बारशानिमित्त, मामांकडून."

वाचता येतं याचा तिला थोडा अभिमान असावा. ती सगळ्यांकडं बघून हसली.

"माझं ताट," म्हणत शिवांजली धावली.

"हात लावू नगं," विजयमाला म्हणाली. "कचऱ्यातलं हाय ते."

"मी घासलंय की राकंनं," मनुबाई म्हणाली. "इस्टीलला काय हुतंय? नाव हुतं म्हनून सापडलं बगा, न्हायतर गेलं आसतं भंगारात."

उन्हाचा एक कवडसा त्या ताटावर पडला होता आणि त्याचा उजेड पडवीच्या कौलांखाली हलत होता. बागेतून फाटक्या पिशवीचा वास येत होता, दोन दिवसांच्या माशांच्या डोक्यांचा, आंबलेल्या भाताचा. अक्षताला तो आत्तापर्यंत जाणवला नव्हता.

"पण कचऱ्यात गेलं कसं?" जयराजनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि मग हळूहळू कळायला लागलं, तसा तो आईकडं बघायला लागला.

मिलिंद हसला. त्याचं ते हसणं अक्षताला ओळखीचं होतं. बँकेत साहेब ओरडला की तो तसा हसायचा. "अरे, चुकून गेलं असेल रं," तो म्हणाला. "पोरांनीच टाकलं असेल प्लेटांबरोबर."

"मी नाही टाकलं बाबा," सोनिया म्हणाली. "मी घासून ठेवलं होतं. दोनदा घासलं." मग ती विजयमालाकडं वळली. तिचा आवाज बारीक झाला. "आजी, नीट निघालं नव्हतं का?"

अक्षताच्या घशाशी काहीतरी आलं. खरोखरच आलं. लॅबमधल्या दहा वर्षांत, दोन बाळंतपणांत, घाटातल्या त्या ओंजळीत जे आलं नव्हतं ते आता आलं. तिनं हातातला कागदी कप खाली ठेवला. पोटात पोहे होते, तीन दिवसांची प्रत्येक भाकरी होती, आणि तिला ते सगळं आपल्या आत आहे याचीच शिसारी आली.

"ताट स्वच्छ होतं," ती म्हणाली. ती सोनियाशीच बोलत होती. "मी उभी होते तिथं. चकचकीत होतं."

"पोरी, मी काय बोलले का तुला?" विजयमाला म्हणाली. तिनं पदर सारखा केला. "तीन दिस झालं, येक शबूद वावगा बोलले का? लेकरू मांडीवर घिऊन बसले घाटात. वाढताना कमी केलं का कवा?"

"नाही काकी. एक शब्द नाही बोललात. म्हणून तर मी पण तीन दिवस जेवले." अक्षताला वाटलं होतं आवाज कापेल. तो कापला नाही. "मी रोज लोकांची थुंकी बघते. मला कशाची किळस येत नाही. पण पोरीनं दोनदा घासलेलं ताट तुम्ही हाडकांच्या पिशवीत घातलंत, त्याची येतेय. आता तुमच्या हातचा घास माझ्या घशाखाली जायचा नाही."

विजयमालाचं तोंड उघडं राहिलं. रागावली असती तर तिला बरं पडलं असतं. पण तिला राग यायच्या आधी आश्चर्यच वाटत होतं. आपल्या हातच्या अन्नाचीही कुणाला किळस येऊ शकते, हे तिच्या साठ-बासष्ट वर्षांत कधी तिच्या मनात आलं नसावं. ती आपल्या हातांकडं बघायला लागली.

"वैनी," जयराज म्हणाला, "आई जुन्या वळणाची हाय. तुम्ही शिकलेल्या आहात."

"पिशवीची गाठ दीपमालानं मारली भाऊजी. ती माझ्या वयाची आहे. बारावी झालीय."

दीपमालानं गॅस बंद केला, जो आधीच बंद होता. "मी आपलं सांगितलं ते केलं," ती कढईकडं बघत म्हणाली.

"हो," अक्षता म्हणाली. "तेच म्हणतेय."

मिलिंद आत गेला होता. ती वळली तेव्हा तो दोन्ही बॅगा घेऊन बाहेर आला होता. एका बॅगेच्या चेनमध्ये सूरजची चड्डी अडकलेली तशीच लोंबत होती. जयराजनं त्याचा दंड धरला.

"गड्या, असं नको करू. माझ्याकडं बघ. आईचं वय बघ जरा."

"वय बघूनच गप्प होतो जया," मिलिंद म्हणाला. "आत्ता पोरीवर ढकलायला निघालो होतो मी. ऐकलंस ना तू?" त्यानं आपला दंड हळूच सोडवून घेतला. "तू ये सांगलीला. कधी पण ये. आमच्यात जेव. आईंना विचारून ये पण."

मनुबाई ताट घेऊन तशीच उभी होती. आपण काय आणून दिलं हे आता तिला उमगत होतं. ती शिवांजलीला ताट द्यावं की न द्यावं या विचारात होती. शेवटी तिनं ते ओट्याच्या कडेला ठेवलं आणि झाडू घेऊन बागेत गेली. शिवांजली रडत विचारत होती, सोनिया का चालली, उद्या जायचं होतं ना, कुणीतरी सांगा ना. तिला कुणीच सांगत नव्हतं.

कराडकडं जाणारी एसटी दुपारी होती. मध्ये चार तास होते. चौघं बॅगा घेऊन सुरूच्या बनात जाऊन बसली. मिलिंदनं वडापाव आणले, केळी आणली. कुणाला भूक नव्हती, पण सूरजनं दोन केळी खाल्ली आणि तिसऱ्याचं शिकरण स्वतःच्या केसांत केलं. मग मिलिंद त्याला धुवायला पाण्याकडं घेऊन गेला. जाताना तो अक्षतापाशी थांबला. काहीतरी म्हणायचं होतं त्याला, पण त्यानं नुसतं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

सोनिया वाळूत बोट घालून बसली होती. तिनं घराकडं परत बघितलं नव्हतं आणि समुद्राकडंही बघत नव्हती.

"आई, कडेला राहिलं होतं का? कडेला आमटी चिकटते."

"कुठंच राहिलं नव्हतं."

"मग का टाकलं?"

अक्षताला वाटलं होतं, हे सांगायला आपण कधीतरी नीट बसू. घरी, पंख्याखाली, पुस्तक घेऊन. आत्ता तिच्या ओढणीला केळं लागलं होतं, ढुंगणाखाली सुरूची काटेरी बोंडं टोचत होती. तिनं सोनियाला जवळ ओढलं नाही. जवळ ओढलं असतं तर ती रडली असती, आणि रडायचं नाही एवढं नक्की होतं.

"काही माणसांना वाटतं," ती म्हणाली, "की आपण एखाद्या ताटात जेवलो की ते ताट बाटतं. म्हणजे कितीही घासलं तरी त्यांना ते नको वाटतं. फार पूर्वीपासून त्यांना तसं शिकवलंय. ते खोटं आहे. तरी ती शिकतात, आणि पोरांना शिकवतात. म्हणून आपल्याला कागदाच्या प्लेटा होत्या."

सोनियानं बोट आणखी खोल घातलं. "आजीला असं वाटतं?"

"हो."

"पण घाटात मला मांडीवर घेतलं होतं तिनं."

"हो."

"मांडी चालते?"

"चालते म्हणे," अक्षता म्हणाली. "मला पण कळत नाही ते."

"शिवांजलीला असं वाटतं?"

"अजून नाही."

खाली पाण्यात मिलिंद सूरजला दोन्ही हातांनी धरून लाटेवरून उडवत होता. अक्षता पोरीचा चेहरा बघत होती. कुठं तडा जातोय का, मान खाली जातेय का, आपली ती ओंजळ हिच्या चेहऱ्यावर दिसतेय का. सोनियाच्या कपाळाला आठी पडली होती. पण ती आठी गणित चुकल्याची होती, आणि चुकलेलं गणित तिचं स्वतःचं नव्हतं, एवढं तिला कळलं असावं.

"आई, एक सांगू? ओरडणार नाहीस?"

"नाही."

"आजी भाकरी करताना शिंकली होती. मोठ्यानं. हातातच. आणि तसंच पीठ मळलं. शिवांजलीनं पण बघितलं."

"मग?"

"मग काय. खाल्ली मी. अख्खी." सोनियानं ओठ पुसले. ती भाकरी तिला आत्ताही दिसत असावी. "तू सांगितलंयस ना, दुसऱ्यांकडं गेल्यावर कशाला शी म्हणायचं नाही. त्यांना वाईट वाटतं."

अक्षतानं पोरीकडं पाहिलं. एवढ्याशा नाकावर घामाचे थेंब होते आणि गालाला वाळू.

"आता म्हण," ती म्हणाली.

सोनियानं आईचा चेहरा नीट निरखला, ही गंमत आहे की खरं, ते बघायला. मग इकडंतिकडं कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. नाक मुरडलं आणि अगदी हळू म्हणाली, "शी."

"एवढंच?"

"शीऽऽ," सोनिया म्हणाली, जरा मोठ्यानं, आणि तिला हसू फुटलं. तिसऱ्यांदा अक्षतानंही तिच्याबरोबर म्हटलं, चांगलं पोटातून, इतकं की खाली गुडघाभर पाण्यात उभा असलेला मिलिंद सूरजला काखेत धरून वळून बघायला लागला.